खाली जाणारा आवाज

चैतन्य शिंगटेची आणि माझी ओळख एका फुग्याने करून दिली. तो फुगा माझ्या डोक्यामागे सहा फुटांवर फुटला.

मी तेव्हा विद्यापीठाच्या जुन्या सभागृहात, खुर्च्यांच्या मधल्या रांगेत, मान खाली घालून एकटीच बसले होते. रडत नव्हते. हे आधीच सांगून ठेवते, कारण चैतन्य आजही सगळ्यांना ‘देविका रडत होती’ असंच सांगतो. मी चिडले होते. मला राग लवकर येतो, पुष्कळ येतो, आणि आला की मुक्कामाला राहतो.

त्या दिवशी कारणही तसंच होतं. माझ्या मांडीवर नुकतीच छापून आलेली एक पत्रिका होती. मे महिन्यात सभागृह दुरुस्त होऊन उघडणार, आणि उद्घाटनाचं व्याख्यान माझे गाईड देणार. विषय — जुन्या मराठी मासिकांतले निनावी लेख कुणी लिहिले, ते कसं ओळखायचं. तो चाळीस पानांचा निबंध मी लिहिला होता, दोन वर्षं डोळे फोडून. पत्रिकेवर मात्र एकट्या सरांचं नाव. माझं नाव अगदी खाली, आभारात, तंबू-खुर्च्या पुरवणाऱ्यांच्या शेजारी. लेखक शोधण्याच्या निबंधाचाच लेखक पळवला होता, आणि त्याचं कुणाला काही वाटतही नव्हतं.

तेवढ्यात तो फुगा फुटला. मी ताडकन उभी राहून मागे वळले. मागच्या रांगेत एक उंच मुलगा उभा होता. एका हातात टाचणी, दुसऱ्या हातात लाल रबराची चिंधी, गळ्यात हेडफोन.

“सॉरी मैडम, मुझे लगा हॉल ख़ाली है,” तो म्हणाला.

“गाढव कुठला,” मी मराठीत पुटपुटले. दिल्लीत ही एक सोय आहे, मराठीत काहीही पुटपुटता येतं.

“गाढव नाही, शिंगटे,” तो म्हणाला. “चैतन्य शिंगटे. तुम्ही चिडलात का?”

“तुम्हाला काय वाटतं?”

त्याने खुर्चीवर ठेवलेल्या एका छोट्या मीटरकडे पाहिलं. “अठ्ठेचाळीस डेसिबल. चिडलेल्या माणसाच्या मानाने फारच कमी आहे, यार.” आणि त्याने तो आकडा चक्क वहीत लिहून घेतला.

मी हसले नाही. पण पत्रिका पर्समध्ये कोंबून तरातरा निघूनही गेले नाही. “फुगे फोडून काय करता तुम्ही?” मी विचारलं.

“पीएच.डी.,” तो म्हणाला. “फुगा फुटला की आवाज हॉलभर फिरतो, भिंतींवर आपटतो, मग हळूहळू विरतो. कुठे किती वेळात विरतो ते मोजायचं. त्यावरून हा हॉल कॉम्प्युटरमध्ये पुन्हा तयार करता येतो. घरी हेडफोन लावून बसलात तरी वाटेल, इथेच बसलाय.”

“इथे बसायला कुणाला आवडेल?”

“तुम्हाला. अर्धा तास झाला बसलाय.”

“म्हणजे मी इथे आहे हे माहीत होतं तुम्हाला!”

 तो टाचणीकडे बघत म्हणाला, “...थोडंसं. आणि तुम्ही? तुम्ही काय मोजता?”

“शब्द. मोठे नाही, छोटे. पण, तर, मग, तेव्हा, म्हणजे. मोठे शब्द माणूस निवडून वापरतो. छोटे आपोआप पडतात, चालताना कुणाची चप्पल घासते तसे. ते मोजले की लिहिणारा कळतो.”

“नाव लपवलं तरी?”

“नाव लपवलं तरी. आणि दुसऱ्याने स्वतःचं लावलं तरी.”

हे बोलताना माझा आवाज आणखी खाली गेला असावा, कारण त्याने पुन्हा मीटरकडे पाहिलं. मग खिशातून एक पिवळा फुगा काढला, फुगवला, गाठ मारली आणि टाचणीसकट माझ्यापुढे धरला. “शेवटचं रीडिंग. तुम्ही घ्या.”

मी फुगा फोडला. त्या दिवशी तेवढी एकच गोष्ट मनासारखी झाली.

त्यानंतर आम्ही रोज भेटायला लागलो. ठरवून नाही — म्हणजे मी तरी ठरवून नाही. मी आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली, बाबा मंत्रालयात. तो सुभेदाराचा मुलगा, पठाणकोटला जन्मला, जबलपूर, झाशी असं शिकत आला आणि आता आई-वडिलांबरोबर पालमला राहत होता. दोघांची मेट्रो एकच. माझं स्टेशन आधी यायचं, त्याचं सहा स्टेशनं पुढे. तरी तो माझ्याबरोबर आर. के. पुरमला उतरायचा आणि मागून येणारी गाडी पकडायचा.

“कशाला उतरतोस?” मी एकदा विचारलं.

“या प्लॅटफॉर्मचं ध्वनिमापन बाकी आहे.”

“दोन महिने?”

“बारकाईने काम करतो मी.”

डब्यात आम्ही मराठीत मनसोक्त भांडायचो. एके दिवशी मी त्याला ‘तुझ्यासारखा चिकट माणूस पाहिला नाही’ असं म्हणाले, तर समोरच्या काकू पर्स सावरत म्हणाल्या, “राहू दे गं, चांगला दिसतोय मुलगा.” आम्ही दोघांनीही पुढची दोन स्टेशनं दाराकडे तोंड करून काढली. त्याचे कान लाल झालेले मला काचेत दिसत होते.

सरांची गोष्टही मी त्याला सांगितली. मी त्यांच्याकडे गेले होते, पत्रिका टेबलावर ठेवून विचारलं होतं, माझं नाव कुठे आहे. सर म्हणाले, “अच्छा लगा, तुम इतनी शांति से बात कर रही हो,” आणि चहा मागवला. मी तो चहा प्यायले. आजही ते आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. चैतन्य सगळं ऐकून नुसता म्हणाला, “त्यांना ऐकू आलं नसणार.” मला वाटलं, तो सरांची बाजू घेतोय. त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

एप्रिलच्या शेवटी प्लॅटफॉर्मवर तो अडखळला. “देविका, एक बोलायचं होतं... म्हणजे... यार, कसं बोलू—”

तो काय बोलणार ते मला कळलं. ते लपवायला मी नेहमीचा तोरा आणला. “बोलता येत नसेल तर लिही. पण नीट मराठीत, देवनागरीत, हाताने. तुझ्या त्या रोमन मेसेजमध्ये आलं तर मी वाचणार नाही.”

आठ दिवसांनी पत्र आलं. दोन पानं, गिरवल्यासारखं त्याचं अक्षर. मी ते गच्चीवर आईच्या कुरडयांच्या राखणीला बसून वाचलं. ‘गाडीची वाट पाहावी आणि गाडी येऊ नये असंही वाटावं, अशी माझी अवस्था झाली आहे. तेव्हा तूच सांग, कामात लक्ष कसं लागावं?’ असं एकाहून एक. ज्या मुलाला ‘हिरमुसणं’ या शब्दाचा अर्थ मी मेट्रोत समजावून सांगितला होता, त्याने हे लिहावं! मी तीनदा वाचलं. कुरडया कावळ्यांनी नेल्या.

चौथ्यांदा वाचताना नजर फिरली. ती फिरायला नको होती, पण दोन वर्षांची सवय. ‘तेव्हा तूच सांग.’ ‘तेव्हा राग नसावा.’ ‘तेव्हा एवढंच म्हणतो.’ दोन पानांत अकरा वेळा ‘तेव्हा’. मी फोन उघडून चैतन्यचे तीन महिन्यांचे मेसेज काढले. त्यात ‘तेव्हा’ एकदाही नव्हतं. सगळीकडे ‘तो मग’ आणि ‘मतलब’. दुपारभर बसून मोजलं, रीतसर कागदावर मांडलं. बावन्न वाक्यं होती. एक्कावन्न एकाच माणसाची, आणि तो माणूस चैतन्य नव्हता. मधलं एक वाक्य कुठेच बसेना, ओबडधोबड, पत्राच्या डौलाला न शोभणारं. त्याला लाल गोल करून मी ते हिशेबाबाहेर टाकलं.

दुसऱ्या दिवशी आर. के. पुरमला उतरल्यावर त्याच्यापुढे पत्र धरलं. “हे कुणी लिहिलं?”

त्याला खोटं बोलता आलं असतं. “बाबांनी,” तो म्हणाला. “म्हणजे मी सांगत गेलो, ते... मला मराठी लिहिता नाही येत, देविका. शाळेत हिंदी होतं. तू म्हणालीस नीट मराठीत पाहिजे—”

“म्हणून दुसऱ्याचं लिहिलेलं स्वतःच्या नावावर खपवलंस. अगदी सरांसारखं.”

त्याचा चेहरा उतरला. “सरांसारखं नाही.”

“अगदी तसंच,” मी म्हणाले, आणि आलेल्या गाडीत शिरले. मी घराच्याच स्टेशनवर होते आणि ती गाडी उलट्या दिशेला जाणारी होती, हे हौज खासला कळलं.

अकरा दिवस मी त्याचे फोन घेतले नाहीत. राग फसवणुकीचा होताच. पण खरं सांगायचं तर त्याहून मोठा राग वेगळाच होता. त्या पत्रावर माझा जीव जडला होता, आणि आता तो नेमका कुणावर जडला हेच कळत नव्हतं. बाराव्या दिवशी ठरवलं, ज्याचं लिखाण त्याला परत. पत्र घेतलं, मोजणीचा कागद घेतला आणि लेखकाला भेटायला पालमला गेले.

दार धोंडीराम शिंगट्यांनी उघडलं. पांढरी मिशी, ताठ पाठ. “तू देविका,” ते म्हणाले. “बस पोरी.” त्यांच्या बायको, प्रभावतीकाकू, पाणी घेऊन आल्या.

“काका, हे तुमचं आहे,” मी पत्र पुढे केलं.

त्यांनी चष्मा लावला आणि सगळं पत्र सावकाश वाचलं. “बरं उतरलंय,” ते म्हणाले.

माझा पारा आणखी चढला. मी मोजणीचा कागद त्यांच्यासमोर ठेवला, छोटे शब्द म्हणजे काय ते सांगितलं. ते शरमतील असं मला वाटलं होतं. ते कागदावर वाकले आणि हरखून म्हणाले, “अकरा वेळा? प्रभा, ऐकलंस का, मी अकरा वेळा ‘तेव्हा’ लिहितो.”

“बोलतासुद्धा,” काकू म्हणाल्या.

“काका, हसण्यासारखं नाहीये हे. तुम्ही लिहायचं आणि सही त्याने करायची, याला काय म्हणायचं?”

ते गंभीर झाले. “पलटणीत माझं अक्षर चांगलं होतं. वीस वर्षं पोरांची पत्रं लिहिली. ज्यांना लिहिता यायचं तेसुद्धा यायचे, बायकोला काय लिहावं सुचत नाही म्हणून. समोर बसून दोन शब्द बोलायचे, दहा मी घालायचो. आमच्याकडे सगळे असंच करायचे, तेव्हा मला त्यात वावगं कधी वाटलं नाही.” ते थांबले. “एकदा आमच्या पलटणीतल्या गुलाबरावची बायको पार्वती छावणीत आली. मला म्हणाली, भाऊजी, पत्रं तुम्ही लिहिता हे कळतं मला, आमच्या ह्यांना इतकं गोड बोलता येत नाही. पण प्रत्येक पत्रात एक ओळ वेडीवाकडी असते. ती त्यांची. मी तेवढीच पुन्हापुन्हा वाचते.”

 बाहेर धुळीची आंधी सुटली होती. काकू उठून खिडक्या लावायला लागल्या, तरी धूळ आत आली आणि मोजणीचा कागद फडफडला. काकांनी त्यावर बोट ठेवलं, नेमकं लाल गोलावर.

“हे काय आहे?”

“ते एक वाक्य तुमच्या बाकीच्यांत बसत नाही. म्हणून सोडून दिलं.”

“का सोडलं?”

“एका वाक्यावरून काही सिद्ध होत नाही.”

“ते माझं नाही, पोरी. मी दोनदा खोडलं. म्हटलं, असं कुणी लिहितं का मुलीला? त्याने दोन्ही वेळा परत घातलं.”

मी पत्र ओढून घेतलं. दुसऱ्या पानावर, दोन डौलदार वाक्यांच्या मध्ये ते होतं. ‘तू चिडलीस की तुझा आवाज वर नाही खाली जातो मी मोजलाय आणि लोकांना वाटतं तू शांत आहेस.’

सत्तावीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आईनेही नाही. सर ‘इतनी शांति से’ म्हणाले होते, मी चहा प्यायले होते, आणि चैतन्यने म्हटलं होतं, त्यांना ऐकू आलं नसणार. मी त्याच्याशीच दोन दिवस अबोला धरला होता. माझ्या निबंधातून मी तीन लेख वगळले होते आणि तिन्हींची कारणं माझ्या वहीत लिहिलेली होती. हे वाक्य वगळायला माझ्याकडे काही कारण नव्हतं. नुसता राग होता.

“कुठे आहे तो?” मी विचारलं.

“तुमच्याच हॉलवर. परवा उद्घाटन ना? माइकबिइक तोच लावतोय.”

मी त्याला फोन केला नाही. चूक कळणं वेगळं आणि ती तोंडाने कबूल करणं वेगळं. पत्र मात्र मी परत पर्समध्ये ठेवलं, आणि काकांनी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं.

उद्घाटनाला सभागृह भरलं होतं. चैतन्य सगळ्यांच्या मागे, आवाजाची बटणं असलेल्या टेबलाशी बसला होता. मला पाहून त्याने मान खाली घातली. सरांनी माझा निबंध तासभर वाचला, माझ्या विनोदांसकट. टाळ्या झाल्या. प्रश्न विचारा म्हणाले, तेव्हा मी हात वर करून उभी राहिले.

“सर, आपने तीन लेख हिसाब से बाहर रखे हैं...” माझा आवाज खाली गेला. पहिल्यांदाच मला तो खाली जाताना कळला.

“ज़रा ज़ोर से,” कुणीतरी म्हणालं. सर हसले. “बैठो देविका, बाद में आराम से बात करेंगे.”

मी बसणारच होते. इतक्यात मधल्या वाटेने चैतन्य आला. त्याने माझ्या हातात माइक दिला आणि मराठीत म्हणाला, “तू आहे तशीच बोल. बाकी मी बघतो.” आणि वळून टेबलाकडे गेला.

मी आहे तशीच बोलले. तोच खालचा आवाज, पण आता तो भिंतींवरून, छतावरून, शेवटच्या रांगेतून माझ्याकडे परत येत होता. “सर, वो तीन लेख आपने क्यों निकाले?”

सर चष्मा पुसायला लागले. “वो तो... डेटा की सफ़ाई में निकल जाते हैं कुछ...”

“वो तीनों अनुवाद हैं, सर. अनुवाद में लिखने वाले की आदतें दब जाती हैं. ये बात पेपर में नहीं है, मेरी नोटबुक में है. पेपर मैंने लिखा है. और मैं शांत नहीं हूँ. मैं बहुत गुस्से में हूँ.”

 पहिल्या रांगेतून विभागप्रमुख भानुमती मॅडम उठल्या, वळून माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, “कल दस बजे, अपनी नोटबुक लेकर मेरे कमरे में आओ.” चौकशी अजून चालू आहे. सर मला वऱ्हांड्यात दिसले की वाट बदलतात. माझा राग गेलेला नाही आणि घालवायची मला घाईही नाही.

सगळे समोशांकडे गेले, तेव्हा चैतन्य वायरी गुंडाळत होता. मी त्याच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले.

“मी तुझ्यावर अजून चिडलेली आहे.”

“माहीत आहे. ऐकू येतंय.”

“एक्कावन्न वाक्यं बाबांची. एक तुझं. ते मी हिशेबाबाहेर टाकलं होतं.” मी श्वास घेतला. “चुकलं माझं. सरांसारखं म्हणाले, तेही चुकलं. पण मला उरलेलीही तुझीच हवीत.”

“लिहिता नाही येत, यार.”

“मग बोल. जसं येईल तसं.”

त्याने वायर खाली ठेवली. पुन्हा उचलली. “तू स्टेशनवर उतरतेस ना, तेव्हा मी... मतलब, पुढची गाडी चार मिनिटांनी येते. तू वर निघून जातेस. जिन्यावर तुझ्या सँडलचा आवाज येतो, मग विरतो. नंतर फक्त मी असतो. तरी मला ती चार मिनिटं दिवसात सगळ्यात जास्त... बस. मला तू आवडतेस. खूप. बिल्कुल सुचत नाही दुसरं.”

“एक ‘तेव्हा’ आलं,” मी म्हणाले. “हे बाबांचं.”

“ते परत करू?”

“राहू दे.” मला आणखी काहीतरी म्हणायचं होतं आणि आवाज खाली खाली जात होता, इतका की माझा मलाच ऐकू येईना. “मलाही... तूच.”

“चिडलीस?” त्याने हळूच विचारलं.

“नाही.”

त्याचा तो छोटा मीटर टेबलावर चालूच होता. त्यावर किती आकडा आला ते आम्हाला दोघांनाही माहीत नाही, कारण तिकडे कुणी पाहिलंच नाही.